‘मला या लिस्टमधून काढा’ हे नेमकं कुणाला लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका मोठ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाच्या तांत्रिक मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सदस्यांना पोचवणाऱ्या यादीवर, मी वर्षापूर्वी नाव घातलं. आता दिवसाला दीडशेच्या वर मेल येतात आणि माझे कामाचे मेल त्यात बुडून जातात. ‘कृपया मला काढा’ असं मी तीनदा लिस्टवर लिहिलं. पहिल्यांदा कुणी दखल घेतली नाही. दुसऱ्यांदा एका जुन्या सदस्याने ‘खालची ओळ वाचता येत नाही का?’ असं उत्तर दिलं. तिसऱ्यांदा मीही चिडून लिहिलं, आणि त्यावर बावीस मेलचं भांडण झालं. बाहेर कसं पडू? आणि अशा ठिकाणी चर्चा सभ्य राहावी म्हणून काही करता येतं का?

आता माझं उत्तर. गेली सतरा वर्षं मी दोन तांत्रिक लिस्टची मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर लक्ष ठेवणारी चालक, आहे. तुमच्यासारखा मेल दर महिन्याला एखादा तरी येतोच. लिहिणारी माणसं चांगली शिकलेली, आपल्या कामात तरबेज असतात. तेव्हा आपलं काहीतरी लाजिरवाणं चुकलं असं मनात आणू नका. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ मला एकच दिसतं: पत्र चुकीच्या पत्त्यावर जातं. लिस्टच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र हजारो लोकांच्या घरी पोचतं, पण नाव काढायचं काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते कामाचं पत्र म्हणून पोचतच नाही. आणि जे एकट्या माणसाला हळू आवाजात सांगायला हवं होतं ते त्या हजारांसमोर बोललं गेलं की भांडण पेटतं.

आधी बाहेर पडायचं बघू, कारण तुम्हाला आत्ता त्याचीच घाई आहे.

बहुतेक लिस्टना निदान तीन पत्ते असतात. एक चर्चेचा, जो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा यंत्राचा: लिस्टच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘रिक्वेस्ट’, किंवा मेलमन हा लिस्ट चालवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्या लिस्टवर ‘लीव्ह’. तिसरा माणसाचा: नावापुढे रेघ आणि ‘ओनर’. तुम्हाला हवा तो दुसरा. ‘लीव्ह’वाल्या पत्त्यावर कोरा मेल पाठवला तरी पुरतो. ‘रिक्वेस्ट’वाल्या पत्त्यावर पाठवताना विषयाच्या जागी ‘अनसबस्क्राइब’ हा एकच इंग्रजी शब्द लिहायचा. नमस्कार नको, कारण नको, सही नको. वाचणारा प्रोग्रॅम आहे, आणि सहीतल्या ओळीसुद्धा तो आज्ञा समजून वाचायला जातो आणि ‘ही आज्ञा कळली नाही’ असं उत्तर पाठवतो. गूगल ग्रुप्सवर रेघेऐवजी अधिक चिन्ह आणि पुढे ‘अनसबस्क्राइब’ असतं. लिस्टसर्व्ह नावाच्या जुन्या प्रणालीवर ‘साइनऑफ’ आणि पुढे लिस्टचं नाव असं लिहून लिस्टसर्व्हच्या पत्त्यावर पाठवायचं.

मग परत एक मेल येतो: ‘खरंच तुम्हीच हे मागितलं का?’ त्याच्या विषयात लांबलचक सांकेतिक अक्षरं असतात. त्या मेलला काहीही न बदलता नुसता रिप्लाय करायचा, किंवा आतल्या दुव्यावर जाऊन ‘हो’ म्हणायचं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. हा मेल यंत्राने लिहिलेला, अनोळखी पत्त्यावरून आलेला असतो, त्यामुळे तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो आणि काही दिवसांनी त्यातला संकेत बाद होतो. ‘मी अर्ज केला, काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात आधी स्पॅम उघडायला सांगते. हा मधला टप्पा कटकटीचा वाटतो, पण तो काढून टाकला तर कुणीही तुमच्या नावाने खोटा मेल पाठवून तुम्हाला परस्पर बाहेर काढू शकेल.

एवढं करूनही ‘या पत्त्याचा कुणी सदस्य नाही’ असं उत्तर आलं तर? ही सगळ्यात चिवट अडचण आहे आणि तिच्यात माणसं महिनोन्‌महिने अडकतात. याचा अर्थ तुम्ही एका पत्त्याने नाव नोंदवलं होतं आणि आता दुसऱ्या पत्त्यावरून लिहिताय. जुन्या नोकरीचा किंवा विद्यापीठाचा पत्ता आपोआप नव्याकडे मेल पाठवत राहतो, आणि आपण तो पत्ता केव्हाच विसरलेलो असतो. उत्तर तुमच्याकडच्या मेलमध्येच आहे. लिस्टवरून आलेला कुठलाही मेल उघडा आणि ‘मूळ मेल दाखवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. वर हेडरच्या, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद असलेल्या, पाच-पन्नास ओळी दिसतील. त्यांत ‘रिटर्न-पाथ’ शोधा. पुष्कळ लिस्ट तिथे प्रत्येक सदस्यासाठी वेगळा परतीचा पत्ता लिहितात: लिस्टचं नाव, मग ‘बाउन्सेस’, अधिक चिन्ह, आणि त्याच्या पुढे तुमचा नोंदवलेला पत्ता, फक्त ॲटच्या जागी बरोबरचं चिन्ह. मेल पोचला नाही तर कुठल्या सदस्याचा पोचला नाही हे यंत्राला कळावं म्हणून ही युक्ती केलेली आहे. तुम्हाला ती आयतीच उपयोगी पडते. तिथे जुना पत्ता दिसला की त्याच पत्त्यावरून अर्ज करा. तो आता बंद असेल तर ‘ओनर’ला लिहा आणि ती ओळ जशीच्या तशी चिकटवा. माझ्याकडे अशी चिकटवलेली ओळ आली तर मिनिटाभरात काम होतं. ‘माझं नाव काढा’ एवढंच आलं तर मला तीन हजार पत्त्यांत तुम्हाला हुडकावं लागतं.

हेडरमध्येच आणखी एक ओळ आहे, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’. १९९८ साली ती प्रमाण ठरली, पण कित्येक वर्षं ती फक्त हेडरमध्ये लपून राहिली. आता बरेचसे मेल प्रोग्रॅम तीच ओळ वाचून पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘सदस्यत्व रद्द करा’ असं बटण दाखवतात. एका टिचकीत बाहेर पडण्याची पद्धत २०१७ मध्ये ठरली, आणि २०२४ पासून जीमेल व याहूने मोठ्या संख्येने प्रचारकी मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. तुमच्या लिस्टच्या मेलवर ते बटण दिसत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ते दाबा.

त्या जुन्या सदस्याने ‘खालची ओळ’ म्हटलं. ती ओळ तुमच्या मेलमध्ये होती का, हे बघितल्याशिवाय मी त्याची बाजू घेणार नाही. पूर्वी प्रत्येक मेलच्या तळाशी ‘बाहेर पडण्यासाठी इथे जा’ अशी ओळ हमखास असायची. पण आता मेलवर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डिजिटल सही असते, आणि लिस्टने तळाशी एक ओळ जोडली तरी मजकूर बदलला म्हणून ती सही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ‘आमच्या पत्त्याचा पण तपासणीत नापास झालेला मेल स्वीकारू नका’ असं धोरण जाहीर केलं, आणि जगभरच्या लिस्टवर हाहाकार उडाला. याहूचा पत्ता असलेल्या कुणी लिस्टवर लिहिलं की तो मेल इतरांच्या सर्व्हरवरून परत यायचा. परत आलेल्या मेलची गणती त्या निरपराध सदस्यांच्या नावावर पडायची आणि यंत्र त्यांचं सदस्यत्व थांबवायचं. त्यानंतर अनेक लिस्टनी मजकुराला हात लावणंच सोडलं आणि तळाची ओळ गेली. त्याआधी सदस्य झालेल्याला ती ओळ अजून डोळ्यांसमोर दिसते, नव्या माणसाने ती कधी पाहिलेलीच नसते. अशा वेळी ‘वाचता येत नाही का’ हे उत्तर उद्धट तर आहेच, पण कित्येकदा चूकही असतं.

एक मात्र करू नका: वैतागून लिस्टचे मेल ‘स्पॅम’ म्हणून खूण करू नका. तुमच्यापुरती शांतता मिळेल, पण तुमच्या मेलसेवेला त्यातून कळतं की हा सर्व्हर नको असलेले मेल पाठवतो. पुरेशा लोकांनी तसं केलं की ज्यांना लिस्ट हवी आहे त्यांचेही मेल स्पॅममध्ये जायला लागतात. माझ्या लिस्टवर एकदा हे झालं तेव्हा सुरक्षेसंबंधीची एक तातडीची सूचना काही सदस्यांना चार दिवस उशिरा दिसली.

आणि बाहेर पडल्यावरही मेल येत राहिले तर लगेच संतापू नका. रांगेत असलेले मेल काही तास येतात. त्यानंतरही येत असतील तर हेडरमध्ये ‘लिस्ट-आयडी’ आहे का बघा. ती ओळ नसेल तर मेल लिस्टवरून आलेला नाही. कुणीतरी रिप्लाय-ऑल केलंय आणि जुन्या थ्रेडच्या (एकाच विषयावरच्या मेलच्या साखळीच्या) सीसीमध्ये तुमचा पत्ता राहिलाय. तुमच्या नावाने बावीस मेलचा थ्रेड झालाय, त्यामुळे हे होण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी लिहिणाऱ्याला एकट्याला दोन ओळी पाठवा, नाहीतर तो थ्रेड म्यूट करा.

खरंच बाहेर पडायचंय का, हेही एकदा मनाशी ठरवा. दीडशे मेल हा तुमचा त्रास आहे, की ते कामाच्या मेलमध्ये मिसळतात हा? दुसरं असेल तर ‘लिस्ट-आयडी’वरून एक फिल्टर लावा, म्हणजे सगळे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जातील आणि इनबॉक्स मोकळा राहील. फिल्टर विषयातल्या कंसातल्या नावावरून लावू नका, लोक विषय बदलतात. दिवसाचे सगळे मेल एकत्र बांधून देणारं डायजेस्टही बहुतेक ठिकाणी मिळतं. फक्त त्यातून उत्तर देताना विषयाच्या जागी ‘डायजेस्ट, खंड अमुक, अंक तमुक’ असं येतं आणि खाली अख्खा गठ्ठा जोडला जातो. ते दोन्ही हाताने नीट करावं लागतं. आर्काइव्ह, म्हणजे लिस्टच्या जुन्या मेलचा संग्रह, खुलं असेल तर सदस्य न होताही वाचता येतं. लिनक्स कर्नलची (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची) लिस्ट अशीच वाचणारे पुष्कळ आहेत. तिथे दिवसाला शेकड्यांनी मेल असतात आणि ते सगळे इनबॉक्समध्ये घेऊन कुणाचं भागत नाही.

आता भांडणाकडे येते.

हे यंत्राचे पत्ते आले कुठून ते सांगते, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. इंटरनेटचं मूळ असलेल्या अर्पानेट या जाळ्यावर १९७५ साली एमएसजीग्रुप ही अगदी सुरुवातीच्या लिस्टपैकी एक सुरू झाली. त्या काळी नावं घालणं-काढणं माणूस हाताने करायचा. ‘रिक्वेस्ट’च्या मागे खरंच कुणीतरी बसलेलं असायचं, आणि ‘कृपया मला काढा’ हे वाक्य तिथे अगदी योग्य होतं. १९८६ मध्ये एरिक थॉमस यांनी हे काम आपोआप करणारी लिस्टसर्व्ह लिहिली आणि माणसाच्या जागी यंत्र आलं. लिहिणाऱ्याला मात्र समोर माणसंच दिसत राहिली. म्हणून तो आजही माणसांना विनंती करतो, आणि ज्यांच्या हातात काहीच नाही अशा माणसांना ती विनंती मिळते.

असं झालं की काय होतं याचं एक गाजलेलं उदाहरण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आत घडलं. ‘बेडलम डीएल३’ नावाच्या अंतर्गत लिस्टवर सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांची नावं होती, आणि बहुतेकांना ते ठाऊकच नव्हतं. एकाने सगळ्यांना विचारलं, मी या लिस्टवर का आहे, मला काढा. लगेच दुसरा, तिसरा: मलाही. मग ‘सगळ्यांना उत्तर देणं थांबवा’ असं सगळ्यांना लिहिणारे आले. तासाभरात सुमारे दीड कोटी मेल फिरले आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. यात कुणी वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. प्रत्येक जण आपल्यापुरतं एक छोटंसं, रास्त काम करत होता, फक्त चुकीच्या पत्त्यावर.

तुमच्या लिस्टवर तीन हजार सदस्य धरले तर बावीस मेलचे ६६,००० मेल झाले. त्यातले तीन तुमचे. उरलेले एकोणीस ज्यांनी लिहिले त्यांना लिस्टचे रिवाज माहीत होते, म्हणून मी त्यांना जास्त जबाबदार धरते. ‘लिस्टवर कचरा करू नका’ असं लिस्टवर लिहिणारा माणूस त्याच कचऱ्यात भर घालत असतो. हे मी माझ्या लिस्टवर जुन्या सदस्यांना फार वेळा समजावलं, आणि मग एक नियम केला: ‘मला काढा’ असा मेल आला तर कुणीही उत्तर द्यायचं नाही. मी त्या पत्त्याचं नाव काढते आणि त्याला एकट्याला लिहिते:

‘तुमचं नाव काढलं आहे, आजपासून मेल येणार नाहीत. पुन्हा यावंसं वाटलं तर अमुक पत्त्यावर कोरा मेल पाठवा. बाहेर पडायचा पत्ता शोधायला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.’

शेवटचं वाक्य मी मनापासून लिहिते. दार सापडत नसेल तर तो दाराचा दोष. मेलमनमध्ये चर्चेच्या पत्त्यावर आलेली आज्ञा ओळखून ती अडवून ठेवायची सोय आहे, तीही मी कायम चालू ठेवते. तुमच्या लिस्टच्या चालकांनी एवढं केलं असतं तर हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागला नसता.

चर्चा कशी सभ्य ठेवायची यावर एक जुना लिखित सल्ला १९९५ च्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेटच्या रिवाजांवरच्या दस्तऐवजात सापडतो. सॅली हॅम्ब्रिज यांनी तो लिहिला. त्यातली एक सूचना मी इतकी वर्षं पाळते आहे: भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवावं. त्यातच हेही आहे की लिस्टचा सदस्य झाल्यावर आलेला पहिला मेल जपून ठेवावा, त्यात बाहेर पडायचा मार्ग असतो. म्हणजे त्यांनाही हे दोन विषय शेजारी-शेजारीच दिसले.

लिहिलेल्या शब्दातून सूर पोचत नाही, हे आपण जाणतो पण मानत नाही. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं खरी आणि काही उपरोधाने मेलमधून पाठवायला सांगितली. आपला सूर समोरच्याला ७८ टक्के वेळा ओळखता येईल असं पाठवणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडासाच बरा. आवाजातून तीच वाक्यं ७३ टक्के वेळा बरोबर कळली. स्कॉट फालमन यांनी १९८२ मध्ये विसर्ग, आडवी रेघ आणि कंस असं हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह सुचवलं, तेही कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक थट्टा लोकांनी खरी मानली म्हणून. मी तांत्रिक चर्चेत उपरोध पूर्ण टाळते. तो ओळखणारा ओळखतो, पण न ओळखणाऱ्याला तो तडाख्यासारखा लागतो.

माझ्याकडे मॉडरेशनच्या रांगेत अडकलेला एक मेल घ्या. मजकूर असा होता: ‘तुम्ही आधीची चर्चा वाचलेलीच दिसत नाही. हे तीनदा सांगून झालंय. असला कोड कोणी पाठवतं का?’ मी लिहिणाऱ्याला तो परत पाठवला आणि विचारलं, यातून त्याने नेमकं काय बदलायचं? तासाभराने नवा मेल आला: ‘सोळाव्या ओळीतलं लूप रिकामी यादी आली तर थांबत नाही. मार्चमधल्या चर्चेत यावर उपाय ठरला होता, दुवा खाली देतो. तसं बदललंत तर मी तपासून घेतो.’ आशय तोच, कडक तसाच, पण कर्ता बदलला. पहिल्यात प्रत्येक वाक्य ‘तुम्ही’वर येऊन आदळतं. दुसऱ्यात लूप थांबत नाही, उपाय ठरला होता, आणि ‘तुम्ही’ येतो तो करायचं काम सांगताना. कोड पाठवणाऱ्याने त्याच रात्री दुरुस्ती केली. मराठीत आपण ‘तुमचं चुकलं’ पटकन म्हणतो. ‘इथे चुकतंय’ म्हटलं तर समोरचा माणूसही आपल्या बाजूला येऊन त्याच ओळीकडे बघायला लागतो.

सौम्य बोलणं म्हणजे नरम निर्णय असं मात्र कुणी समजू नये. कोड नाकारायचा असेल तर स्पष्ट नाकारावा. गोड भाषेत सहा आठवडे ताटकळत ठेवणं मला दोन ओळींच्या नकारापेक्षा जास्त अपमानास्पद वाटतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नल लिस्टवरचा तिखटपणा कित्येक वर्षं गुणवत्तेच्या नावाखाली चालला. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी स्वतः त्याच लिस्टवर व्यक्तिगत हल्ल्यांबद्दल माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले आणि मग परतले. त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिताही घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गिदो व्हॅन रॉसम यांनी भाषेत एक नवं चिन्ह आणण्यावरून झालेल्या दमवणाऱ्या वादानंतर अंतिम निर्णय देण्याचं पद सोडलं. त्यांचा प्रस्ताव मंजूर झाला होता, तरीही.

भांडण चिघळतंय असं दिसलं की मी काय करते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या लिस्टवर कॉन्फिगरेशन फाइलचा साचा बदलावा की नाही यावर दोन दिवसांत ६४ मेल आले. मी आर्काइव्ह उघडून मोजलं, तर त्यांतले ४१ तिघांचेच होते. लिस्टवर मी एकच ओळ लिहिली: या थ्रेडवर प्रत्येकाने दिवसाला एकच मेल लिहावा. नाव कुणाचंच घेतलं नाही. मग तिघांना वेगवेगळं लिहिलं आणि एकच विचारलं, तुम्हाला यात कशाची काळजी वाटते? दोघांनी तांत्रिक कारणं दिली. तिसऱ्याने लिहिलं की जुन्या साच्यातून नव्यात फाइल बदलणारं साधन तो सहा वर्षं एकटा सांभाळतोय, साचा बदलला की ते पुन्हा लिहावं लागेल, आणि हे त्याला कुणी विचारलंच नाही. ६४ मेलमध्ये हे कुठेही आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, हेच लिस्टवर लिहा. त्याने चार ओळी लिहिल्या. संध्याकाळपर्यंत दोघांनी ते साधन वाटून घ्यायची तयारी दाखवली आणि साचा बदलायचं ठरलं.

एका मेलचा हा नियम चालतो कारण जास्तीत जास्त लिहिणारा लिस्टचा आवाज बनतो, आणि बाकी सगळे त्याला कंटाळून दुसऱ्या दाराने निघून जातात. चर्चेच्या पत्त्यावर बोललेलं सगळ्यांच्या मालकीचं होतं, तिथे माघार घेणं कुणालाही जड जातं. एकट्याला लिहिलेल्या पत्रात तीच व्यक्ती ‘हो, माझं जरा जास्त झालं’ असं सहज म्हणते. एवढ्या वर्षांत माझा सर्वात जास्त वेळ या खासगी पत्रांत गेला, आणि तो कारणी लागला. हद्दीबाहेर गेलेल्यांना काढावंही लागलं. ते करायला मी कधी कचरले नाही, पण आधी दोनदा खासगीत सांगितल्याशिवाय कुणाला काढलं नाही.

बाकी शिस्त तुम्हाला माहीत असेलच: उत्तराला लागेल तेवढाच आधीचा मजकूर ठेवावा, विषय बदलला की शीर्षकही बदलावं, रजेवर जाताना आपोआप उत्तर लिस्टला जाणार नाही हे बघावं किंवा तेवढ्या दिवसांपुरते लिस्टचे मेल थांबवून ठेवावेत.

शेवटी तुमचा तिसरा मेल. त्याबद्दल लिस्टवर माफी मागावी का, असं तुमच्या मनात येत असेल. मला वाटतं लिस्टवर आता काहीच लिहू नका. तेविसावा मेल आला की थ्रेड पुन्हा वर येतो आणि कुणीतरी चोविसावा लिहितो. ज्याने टोचून लिहिलं त्याला एकट्याला लिहावंसं वाटलं तर लिहा, नाहीतर राहू द्या. ‘ओनर’च्या पत्त्यावर मात्र आजच एक मेल टाका. तो मी लिहिला असता तर असा लिहिला असता:

‘नमस्कार. मला या लिस्टमधून बाहेर पडायचं आहे. माझ्या मेलच्या रिटर्न-पाथमध्ये दिसणारी ओळ खाली देत आहे, नाव त्याच पत्त्याने नोंदवलेलं असावं. रिक्वेस्टच्या पत्त्यावर आज पाठवलेल्या अर्जाला ‘सदस्य नाही’ असं उत्तर आलं. मागच्या आठवड्यात मी लिस्टवर रागाने लिहिलं, ते लिहायला नको होतं. बाहेर पडायचा पत्ता लिस्टच्या पानावर ठळक दिसेल असा ठेवता आला तर पुढच्या माणसाला सोपं जाईल.’

पाठवण्याआधी अर्ज खरंच करून बघा, आणि ‘सदस्य नाही’ असं उत्तर आलं तरच ते वाक्य ठेवा. अर्ज मंजूर झाला तर पहिली चार वाक्यं काढून टाका आणि उरलेली दोन तेवढी पाठवा.